पहिली मिनी रंगवताना: डबीतल्या रंगापेक्षा ब्रशवरच्या पाण्याकडे बघा

प्रश्न असा आला आहे. शाळेतल्या मित्रांबरोबर दर पंधरा दिवसांनी ऑनलाइन डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन खेळायचा खेळ खेळणाऱ्या एका गृहस्थांनी आपल्या ड्वार्फ क्लेरिकसाठी, म्हणजे खेळातल्या बुटक्या, दाढीवाल्या पुजारी पात्रासाठी, दोन कोऱ्या मिनींचं पाकीट मागवलं. मिनी म्हणजे टेबलावर पात्राच्या जागी ठेवायची इवलीशी मूर्ती. मुलीचे चित्रकलेचे अ‍ॅक्रिलिक रंग घेऊन त्यातली एक रंगवली. चेहऱ्यावर रंगाचा लपका बसला, दाढीच्या बटा बुजल्या, हातोड्यावर ब्रशचे फराटे उमटले. तीन आठवड्यांनी सगळे मित्र पहिल्यांदाच एका टेबलाभोवती बसून खेळणार आहेत. ते विचारतात, "महागड्या रंगांचा सेट घेऊ का? की माझा हात थरथरतो म्हणजे हे माझं कामच नाही?"

सेट आत्ता घेऊ नका, आणि हाताला दोष देऊ नका. लपका, बुजलेली दाढी आणि फराटे या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: रंग जाड लागलाय. तोच रंग, तोच ब्रश आणि तोच हात ठेवून रंगात पाणी किती आणि ब्रशवर रंग किती एवढंच बदललंत, तरी दुसरी मिनी पहिलीपेक्षा कितीतरी चांगली होईल. मी अठरा वर्षं मिनी रंगवतोय. गेली काही वर्षं ठाण्यात घरीच शनिवारी नवशिक्यांना शिकवतो, आणि पहिल्या मिनीवर बहुतेक सगळे नेमके इथेच अडतात.

असं का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. २८ मिलिमीटरची मिनी म्हणतात तेव्हा ते माप साधारणपणे तळपायापासून डोळ्यांपर्यंतचं असतं. म्हणजे माणूस जवळजवळ साठपट लहान झाला. ड्वार्फ तर आणखी ठेंगणा. त्याचा अख्खा चेहरा तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा. दाढीतल्या खाचा अर्धा मिलिमीटरही खोल नसतात. कॅनव्हासवर जो थर पातळ वाटतो, तो इथे भिंतीवरच्या गिलाव्यासारखा बसतो आणि खाचा भरून टाकतो. दाढीची बट न् बट घडवणाऱ्याने आधीच कोरून ठेवली आहे. आपण ती दिसू द्यायची आहे.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्यामुळे मी सांगतो तसंच्या तसं लागू पडेल असं नाही. पहिली गोष्ट म्हणजे मिनी कशाची आहे. खेळासाठी पाकिटात दोन-दोन येणाऱ्या मिनी बहुधा मऊसर प्लॅस्टिकच्या असतात. विझकिड्सच्या नोल्झर्स मालिकेतल्या असतील तर त्यांच्यावर व्हॅलेहो या रंगाच्या कंपनीचा प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, कारखान्यातच मारलेला असतो. पाकिटावर तसं लिहिलेलं असतं, बघून घ्या. गेम्स वर्कशॉपच्या मिनी कडक पॉलिस्टायरिनच्या असतात, चौकटीतून कापून जोडाव्या लागतात. थ्रीडी प्रिंटरवरच्या रेझिनच्या असतात. कुणा काकांनी परदेशातून आणलेल्या जुन्या धातूच्या असतील तर त्यात शिसं असू शकतं, त्या कोरड्या घासू नका आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

दुसरी गोष्ट म्हणजे तुम्ही राहता कुठे आणि महिना कोणता. नागपूरच्या मे महिन्यात रंग पॅलेटवरच वाळून जातो. ठाण्यात, रत्नागिरीत किंवा पणजीत जुलैमध्ये तो वाळता वाळत नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे ही मिनी बघणार कोण आणि किती अंतरावरून. तुमची मिनी टेबलावर असणार, मित्र हातभर अंतरावरून बघणार. फोनच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून तो मोठा करून तपासण्याची सवय लागली असेल तर ती सोडा. त्या फोटोत डाळीएवढा चेहरा तळहाताएवढा होतो आणि मग कुणाचंच काम चांगलं दिसत नाही. हात लांब करून मिनी धरा आणि तिथून ठरवा.

आता कामाला लागू. मिनी कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण टाकून जुन्या टूथब्रशने हळू घासून धुवा आणि रात्रभर वाळू द्या. साच्यातून सहज सुटावी म्हणून लावलेला तेलकटपणा काही मिनींवर राहिलेला असतो, त्यावर रंग धरत नाही. हातोड्याचा दांडा वाकला असेल तर मऊ प्लॅस्टिक गरम पाण्यात अर्धा-एक मिनिट धरा, सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा, तसाच राहील. साच्याच्या दोन भागांच्या जोडाची बारीक रेघ अंगावरून जाते, तिला मोल्ड लाइन म्हणतात. ब्लेडची धार आडवी धरून ती हलक्या हाताने खरवडा. मऊ प्लॅस्टिकवर कानस चालवली तर तंतू उठतात, म्हणून कानस नको. नंतर मिनी औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणावर दुहेरी चिकटपट्टीने बसवा. इथून पुढे बोटं बाटलीला लागतील, मिनीला नाही. हे केलंत की अर्धी थरथर तिथेच कमी होते, कारण बाटलीला धरायला पूर्ण मूठ मिळते.

प्रायमर म्हणजे रंगाला धरून ठेवणारा अस्तराचा थर. तुमची मिनी आधीच प्रायमर मारलेली असेल तर ही पायरी गाळा. नसेल तर ब्रशने लावायचा करडा प्रायमर घ्या. पांढऱ्यावर खाचांत राहून गेलेली जागा लगेच उठून दिसते, काळ्यावर काय कुठे कोरलंय तेच नवशिक्याला दिसत नाही. करडा या दोन्हींच्या मधला. दोन पातळ थर द्या आणि रात्रभर ठेवा. स्प्रेने काम झटपट आणि एकसारखं होतं हे खरं, पण मऊ प्लॅस्टिकवर काही स्प्रे कायमचे चिकट राहतात आणि दमट हवेत स्प्रे दगा देतो. एका जुलैत मी घाईने बाल्कनीत बारा मिनींवर मॅट वार्निशचा स्प्रे मारला. दहा मिनिटांत सगळ्यांवर भुरी पडल्यासारखा पांढुरका थर आला. हवेतली वाफ वार्निशमध्ये अडकली होती. ब्रशने ग्लॉस वार्निशचा हात दिल्यावर बराचसा गेला, सगळा नाही. तेव्हापासून पावसाळ्यात माझा स्प्रे कपाटातच असतो.

आता मुख्य मुद्दा, पाणी. इंग्रजी व्हिडिओंमध्ये रंग दुधासारखा करा असं सांगतात. मी माझ्याकडे येणाऱ्यांना ताकाचं उदाहरण देतो, कारण ताक किती पातळ हवं याचा अंदाज आपल्याला जिभेवरूनच असतो. कढीला घेतो ते दाट ताक नव्हे. जेवण झाल्यावर पेल्यातून पितो ते, पेल्याच्या कडेला पातळसा पडदा ठेवून खाली सरकणारं. ट्यूबमधल्या रंगात एवढा पातळपणा आणायला त्याच्या निम्मं ते जवळजवळ तेवढंच पाणी लागतं. मिनींसाठीच बनवलेल्या बाटलीतल्या रंगाला थेंब-दोन थेंब पुरतात. नुसतं पाणी फार झालं तर रंग फुटतो, म्हणजे उंचवट्यावरून पळून खाचेत साचतो. तेव्हा पाण्याबरोबर थोडं मॅट मीडियम घाला. हे रंगाशिवायचं अ‍ॅक्रिलिक असतं, ते रंगाला पातळ करतं पण त्याची पकड सोडू देत नाही.

रंग पातळ झाला तरी काम अर्धंच झालं. ब्रश रंगात बुडवून थेट मिनीवर नेलात तर ओघळ येणारच. माझा क्रम असा असतो: ब्रशचं टोक रंगात, केसांच्या निम्म्या लांबीपर्यंतच. मग ब्रश फिरवत पॅलेटवर टोक काढायचं. मग एकदा टिश्यूला हलकेच टेकवायचा, पुसायचा नाही, फक्त टेकवायचा. मग डाव्या अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून बघायची. रेघेच्या दोन्ही बाजूंना रंग पसरला तर ब्रशवर अजून फार आहे. रेघ तुटक आली तर रंग जाड आहे. एकसारखी, किंचित पारदर्शक रेघ आली की मिनीकडे वळायचं. पहिल्या दिवशी हे दर वेळी करावं लागतं. आठवड्याभरात डोळ्यालाच कळायला लागतं.

पहिला थर विटका दिसेल, खालचा करडा डोकावेल. इथे धीर सुटतो आणि माणूस अजून रंग थापतो. तो तसाच वाळू द्या. पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटं पुरतात. दुसऱ्या थराला रंग बसतो. पिवळा, लाल आणि पांढरा हे मात्र स्वभावानेच कमी झाकणारे आहेत. ड्वार्फला पिवळी शाल द्यायची असेल तर आधी फिकट तपकिरी द्या आणि त्यावर पिवळा. पांढऱ्यासाठी आधी फिकट राखाडी. थेट काळ्यावर पिवळा देऊ गेलात तर पाच थरांनंतरही हिरवट दिसेल.

आता तुमचा खरेदीचा प्रश्न. मिनींसाठी बनवलेल्या रंगांत रंगद्रव्य बारीक दळलेलं आणि भरपूर असतं, त्यामुळे पातळ केल्यावरही ते झाकतात. हा फरक खरा आहे आणि तुम्ही हा छंद पुढे चालू ठेवलात तर हळूहळू तिकडे जालच. पण मी स्वतः कॅम्लिनच्या ट्यूबमधल्या अ‍ॅक्रिलिकवर शिकलो आणि पहिल्या तीसेक मिनी त्यावरच झाल्या. मुलीच्या रंगांवर तुमचा ड्वार्फ नीट होईल. तुमच्या जागी मी असतो तर चारच गोष्टी विकत घेतल्या असत्या.

एक चांगला ब्रश, गोल, एक नंबरचा, सिंथेटिक चालेल, पण ओला केल्यावर सुईसारखं टोक येणारा. दुकानात पाणी मागून टोक बघूनच घ्या. बारीक काम म्हणून तीन शून्यांचा ब्रश सगळे हौसेने घेतात. त्याच्या पोटात रंगच मावत नाही, आणि आहे तो मिनीपर्यंत पोचेतो वाळतो. बारीक रेघ टोकामुळे येते, ब्रशच्या आकारामुळे नाही. दुसरी गोष्ट, तपकिरी वॉशची, म्हणजे खाचांत सावली आणणाऱ्या पातळ रंगाची, एक बाटली. सिटाडेलचा अ‍ॅग्रॅक्स अर्थशेड किंवा आर्मी पेंटरचा स्ट्राँग टोन, दोन्हींचं काम एकच. तिसरी, चंदेरी धातूच्या रंगाची मिनींसाठीची बाटली, कारण चित्रकलेच्या चंदेरीतले चमकीचे कण मोठे असतात आणि एवढ्याशा हातोड्यावर ते खड्यांसारखे दिसतात. चौथी, ब्रशने लावायचं मॅट वार्निश. मिनीवर प्रायमर नसेल तर तो, आणि लागलंच तर मॅट मीडियम, एवढं वेगळं घ्या. बाकी सगळं घरात आहे.

वेट पॅलेट, म्हणजे रंग ओला ठेवणारी पॅलेट, हीसुद्धा घरातच होते. चपटा प्लॅस्टिकचा डबा, तळाशी घडी घातलेला ओला टिश्यू किंवा पातळ स्पंज, वर बेकिंगसाठी वापरतात तो पार्चमेंट कागद. मेणाचा लेप असलेला कागद चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही. पार्चमेंटवर ठेवलेला रंग तासन् तास ओला राहतो, झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही. पावसाळ्यात दोन-तीन दिवसांनी स्पंज धुवा, नाहीतर बुरशी येते.

रंगवण्याचा क्रम कपडे घालण्याच्या क्रमासारखा ठेवा. आधी अंग, मग अंगरखा, मग चामड्याचे पट्टे, मग चिलखत, आणि सगळ्यात शेवटी हातातला हातोडा. म्हणजे आतून बाहेर. आतल्या भागावर काम करताना ब्रश बाहेरच्या भागाला लागतोच, पण तो भाग नंतर रंगवायचाच असल्याने काही बिघडत नाही. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक चूक झाकण्यात दुसरी चूक होते. दाढी मात्र अंगाच्या आणि अंगरख्याच्या नंतर, कारण ती दोन्हींवर रुळते. पहिल्या मिनीला पाच-सहा रंग पुरे. त्वचा, केस, कापड, चामडं, धातू, आणि एखादा उठावाचा रंग, समजा पट्ट्याचं बक्कल. रंग सीमेबाहेर गेला तर लगेच ओल्या स्वच्छ ब्रशने टिपा. वाळून गेला असेल तर शांतपणे खालच्या रंगाने ती जागा परत भरा. अठरा वर्षांनंतरही माझा निम्मा वेळ या दुरुस्तीतच जातो आणि ते अगदी नेहमीचं आहे.

इथपर्यंत झालं की मिनी सपाट, प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखी दिसते. अनेक जण इथेच नाराज होऊन थांबतात. तुमची पहिली मिनीही बहुतेक इथेच थांबली असावी. खऱ्या माणसाच्या अंगरख्याच्या चुणीत सावली पडते, कारण ती चूण खोल असते. साठपट लहान चुणीत खोलीतल्या दिव्याची सावली जेमतेम पडते. म्हणून ती रंगाने आणून द्यावी लागते, आणि त्यासाठी वॉश.

वॉश हा गडद, खूप पातळ रंग असतो. तो उंचवट्यावरून घसरतो आणि खाचांत जाऊन बसतो. सगळं पूर्ण वाळल्यावर दाढीवर वॉशचा भरलेला ब्रश ठेवा आणि बघा. प्रत्येक बटेच्या मधल्या खाचेत तपकिरी रेघ आपोआप धावते. नवशिके पहिल्यांदा हे बघतात तेव्हा पाच सेकंद कुणी बोलत नाही. मला शिकवण्यातला हा क्षण सगळ्यात जास्त आवडतो. पण इथे दोन गोष्टी सांभाळा. वॉश मोठ्या सपाट जागेवर किंवा तळाशी डबक्यासारखा साचला तर तो वाळायच्या आत स्वच्छ, ओलसर ब्रशचं टोक डबक्याला लावा, जास्तीचा वॉश ब्रश शोषून घेईल. आणि वॉश अर्धवट वाळलेला असताना त्याला हात लावू नका. त्या वेळी ब्रश फिरवलात तर कपबशीखाली चहाचा उमटतो तसा कडांचा डाग राहतो. साधारण अर्धा तास, दमट हवेत तासभर, मिनी टेबलावर ठेवून उठून जा.

वॉशने सगळंच थोडं काळवंडतं. म्हणून वाळल्यावर मूळ रंग पुन्हा घ्या आणि फक्त उंचवट्यांवर द्या: चुणीची वरची कड, नाकाचा शेंडा, गालाचं हाड, बोटांचे सांधे. खाचा तशाच राहू द्या. मग त्याच रंगात किंचित फिकट रंग मिसळून अगदी मोजक्या कडांवर. दाढीला याहून सोपा मार्ग आहे, ड्रायब्रश. जुना, टोक गेलेला ब्रश घ्या, फिकट रंगात बुडवा आणि टिश्यूवर इतका पुसा की कागदावर जवळजवळ काहीच उमटू नये. मग बटांना आडवा, हलक्या हाताने फिरवा. फक्त बटांच्या कडा उजळतात. इथे रंग पातळ करायचा नाही, ब्रश कोरडा हवा. चांगला ब्रश यासाठी वापरू नका, एका संध्याकाळीत त्याचं टोक जातं.

हे सगळं टाळून एकाच थरात रंग आणि सावली देणारे रंग हल्ली मिळतात. सिटाडेलने २०१९ मध्ये काँट्रास्ट नावाने आणले, नंतर इतरांनीही काढले. फिकट प्रायमरवर दाढी, लोकर, चामडं यांसाठी ते छान चालतात. सपाट ढालीवर किंवा चिलखतावर डाग-डाग दिसतात. एखादी बाटली पुढे कधीतरी घेऊन बघा, पण वॉशचं काम हाताला कळल्यावर. म्हणजे तो रंग कुठे चालेल आणि कुठे नाही हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

धातूचा रंग लावताना पाण्याचा वेगळा पेला ठेवा. चमकीचे कण पाण्यात उतरतात आणि मग ड्वार्फच्या गालावरही चमकतात. हातोड्याला चंदेरी, त्यावर तोच तपकिरी वॉश, आणि वाळल्यावर फक्त कडांना पुन्हा चंदेरी. खूप वापरलेलं हत्यार दिसतं.

आता डोळे, आणि तुमचा थरथरणारा हात. माझं आजोळ पेणचं. गल्लीत गणपतीचा कारखाना होता आणि सुट्टीत मी तिथे तासन् तास बसायचो. डोळ्यांची आखणी करणारे एकच वयस्कर कारागीर होते. त्यांचा हात चहाचा कप उचलताना स्पष्ट हलायचा. आखणीला बसले की ते उजव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवायचे, डाव्या हाताची मूठ उजव्या मनगटाखाली द्यायचे, ब्रश आधी स्वतःच्या नखावर ओढून बघायचे, आणि रेघ श्वास सोडताना मारायचे. रेघ हलायची नाही. मिनीवर मी आजही अक्षरशः तेच करतो. दोन्ही कोपरं टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकलेली, ब्रशच्या हाताची करंगळी बाटलीवर. हात थरथरला तरी मिनी आणि ब्रश एकत्रच थरथरतात, त्यामुळे दोघांमधलं अंतर हलत नाही. नखावरची रेघही मी त्यांच्याकडूनच उचलली आहे.

आखणीचा क्रम मात्र मिनीवर वेगळा ठेवतो. मोठ्या मूर्तीवर त्यांना आधी पांढरं देऊन मग बाहेरची रेघ काढायला जागा असते. इथे डोळा एक मिलिमीटरही नसतो. म्हणून मी आधी पूर्ण खोबणी गडद तपकिरी करतो, मग तिच्या आत हाडासारख्या पिवळसर पांढऱ्याची एक आडवी रेघ, कडेला तपकिरी किंचित राहील अशी. म्हणजे पापण्यांची रेघ आपोआप उरते. मग बुबुळाचा ठिपका. ठिपका गोल काढू नका, वरून खाली छोटी उभी रेघ ओढा, पापण्या तिला वरखाली कापून गोल दाखवतात. दोन्ही डोळे एकाच बाजूला किंचित वळलेले ठेवा. समोर बघणारी दोन बुबुळं जराशी जरी चुकली तर डोळे तिरळे दिसतात. शुद्ध पांढरा वापरला तर डोळे वटारल्यासारखे वाटतात.

आणि खरं सांगायचं तर, पहिल्या ड्वार्फला डोळे काढलेच पाहिजेत असं नाही. भुवया दाट, खोबणी खोल. तपकिरी वॉशची सावली तिथे बसली की हातभर अंतरावरून डोळे आहेत असंच वाटतं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक जणांना मी पहिल्या मिनीवर हेच करायला सांगतो. प्रयत्न करायचाच असेल तर बाकीचा चेहरा करण्याआधी डोळे करा, म्हणजे बाहेर गेलेला रंग त्वचेच्या रंगाने नीट कापून घेता येतो.

उजेडाबद्दल एकच सांगतो. पिवळ्या दिव्याखाली त्वचेचा रंग चुकतो. पांढऱ्या एलईडीचा टेबललॅम्प डावीकडून घ्या, जमलं तर दुसरा उजवीकडून. चाळिशी लागली असेल तर वाचायचा चष्मा लावून बसा. कितीतरी जण ज्याला हाताची थरथर म्हणतात ती नीट न दिसल्यामुळे असते.

मिनीच्या पायाखालची चकती, म्हणजे बेस, सोडून देऊ नका. तिच्यावर फेविकॉलचा पातळ थर द्या आणि गाळलेली बारीक वाळू किंवा कुंडीतली वाळलेली, चाळलेली माती भुरभुरा. दिवाळीचा किल्ला करताना मातीवर हळीव पेरून हिरवळ आणत होतो तीच हौस इथे कामी येते. वाळल्यावर गडद तपकिरी, त्यावर वॉश, मग फिकट रंगाचा ड्रायब्रश. शेवटी बेसची कड एकाच सपाट रंगाने स्वच्छ करा. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि कड स्वच्छ असली की अख्खी मिनी नीटनेटकी दिसते.

क्रम पुन्हा एकदा सलग सांगतो: धुणं, मोल्ड लाइन, प्रायमर, आतून बाहेर मूळ रंगांचे दोन पातळ थर, वॉश, उंचवटे उजळणं, बेस, वार्निश. यातलं प्रत्येक काम वेगळ्या संध्याकाळी केलं तर एकेका बैठकीला तासाभरापेक्षा जास्त लागत नाही. थकल्यावर माणूस रंग जाड लावायला लागतो, म्हणून तासाने उठाच. ब्रश कधीही पेल्यात टोकावर उभा ठेवू नका. काम संपल्यावर अंगाच्या साबणाने धुऊन, टोक काढून आडवा ठेवा. रंग ब्रशच्या धातूच्या नळीपर्यंत चढू दिला तर तो आत वाळतो आणि केस फाकतात. बरेच जण टोक काढायला ब्रश ओठांत धरतात. काही रंगांत कॅडमियमसारखी द्रव्यं असतात, तेव्हा ती सवय लावून घेऊ नका.

पहिल्या, लपका बसलेल्या मिनीचं काय? रंग काढता येतो. कडक प्लॅस्टिक आणि धातूवर तपकिरी डेटॉल चालतं. मिनी त्यात रात्रभर बुडवून ठेवायची, हातमोजे घालून टूथब्रशने घासायची, आणि पाण्याखाली धरण्याआधी पुन्हा डेटॉलमध्येच खळबळवायची, कारण सुटलेल्या रंगावर थेट पाणी पडलं की चिकट लगदा होतो. मऊ प्लॅस्टिकवर मात्र आधी बेसच्या खालच्या बाजूला करून बघा. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन अजिबात नको, प्लॅस्टिक विरघळतं. पण मला विचाराल तर ती मिनी तशीच ठेवा. तिच्यावर वॉश आणि ड्रायब्रशचा सराव करा, दुसरीवर हात घालण्याआधी. जाड रंगावरही वॉश कसा धावतो आणि कुठे साचतो हे तिच्यावर कळेल, आणि तिथे चुकलं तरी काहीच जात नाही.

तुमच्याकडे तीन आठवडे आहेत. पहिल्या आठवड्यात जुन्या मिनीवर सराव आणि नव्या मिनीचं धुणं, प्रायमर. दुसऱ्यात मूळ रंग आणि वॉश. तिसऱ्यात उजळणं, चेहरा आणि बेस. वार्निश भेटीच्या निदान दोन दिवस आधी लावा, ब्रशने, दोन पातळ थर, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. त्यानंतर एक पूर्ण दिवस तिला हात लावू नका. नेताना डब्यात टिश्यूत गुंडाळून नेऊ नका, वार्निश नवं असेल तर कागदाचे तंतू चिकटतात. बेसखाली चिकटपट्टी लावून मिनी डब्याच्या तळाला उभी चिकटवा, म्हणजे प्रवासात तिला काहीच घासणार नाही.